रिकाम्या गावातला कौल

"गावच नसलो तर?" मी विचारलं.

पास्कू सुताराच्या माळ्यावर आम्ही तिघं उकिडवे बसलो होतो आणि नाबर मास्तर फणसाच्या फळ्यांवर आडवे पडले होते. त्यांचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत दोन फळ्यांमध्ये आवळून बांधला होता. फळ्या पास्कूनेच तासल्या होत्या. सुताराला हाडाचं काय कळतं म्हणू नका, त्याने बांधलेला पाय पुढे सरळ बसला.

"गाव नसलो म्हणजे?" बाळगोने माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. "उचलून बगलेत मारतलंस?"

"गावपळण काढूची. अवंदा आसाच मां ती. पंधरा दिवसांनी काढतले ती उद्या काढूची. पलटण इली तर गावात माणूसच नाय. मारतले कोणाक?"

मी पंधरा वर्षांची होते, भिकू गुरवाची मुलगी यसू. मला चौकशा फार, असं गावभर बोललं जायचं. देवाला नैवेद्य दाखवल्यावर तो खातो तर भात कमी का होत नाही, असे प्रश्न विचारून मी बापाचा मार खाल्ला होता. मास्तरांनी मात्र मला कधी गप्प केलं नाही. शाळेत मुलींच्या बाकावर मी एकटीच उरले होते, तरी त्या बाकाकडे पाहून ते म्हणायचे, "आता इथून एक अवघड प्रश्न येईल."

बेचाळीसचं साल होतं. भाताची कापणी झाली होती, झोडणी व्हायची होती. आमच्या मुरवण्याच्या डोंगरावरून खाडीच्या बंदराकडे तारायंत्राची तार जायची. बाळगो परब, पास्कूचा मुलगा इनास आणि मास्तर यांनी ती दोनदा कापली होती, मी खाली राखणीला बसले होते. तिसऱ्यांदा खांबावर बाळगोच्या हाताला मुंग्या आल्या म्हणून मास्तर स्वतः चढले आणि पडले. पास्कूशिवाय कोणाही मोठ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. मास्तर सुट्टीत घरी गेलेत, असं गाव समजत होतं.

आणि आता पलटण येणार होती. शेजारच्या गावात ती आठ दिवस राहून आली होती. तार कापणाऱ्यांची नावं काढायला तिथे शाळेसमोर रोज पाच माणसं उभी करून फटके मारत होते, बायकांच्या डोळ्यांदेखत. चौथ्या दिवशी एका आईने स्वतःच्याच मुलाचं नाव सांगितलं. टपालवाला म्हणत होता, पलटणीकडे आता आठवडाच उरलाय, मग तिला बोटीवर चढवून लढाईला नेणार आहेत.

"आठवडो काढलो की सुटलो," इनास म्हणाला. "गावपळण तीन दिवसांची. परत येवकय कौल लागता. कौल नाय झालो तर पाच दिवसय होतले."

गावपळण आमच्याकडे दर तीन वर्षांनी. देवाने कौल दिला की अख्खं गाव, मग तो मानकरी असो की पास्कूसारखा किरिस्तांव, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर पडायचं आणि माडाच्या झापांच्या खोप्या बांधून राहायचं. तेवढे दिवस गाव माणसांचं नसतं. कोणाचं असतं ते मोठी माणसं सांगत नसत, आणि मी विचारलं की विषय बदलत. घरांना कुलपं नसत, तरी कधी कोणाची सुई हलली नाही.

"पण मला हलवता येणार नाही," मास्तर म्हणाले. "खोपीत ठेवलंत तर सगळ्या गावाला दिसेन."

"तुमी हयच रवायचा," मी म्हटलं. "गावात कोण येवचाच नाय."

"गावपळणीत गावात माणूस ठेवूचो?" बाळगोचा आवाज खाली आला. तारेवर चढणारा हा सतरा वर्षांचा मुलगा देवाच्या बाबतीत मात्र माझ्या आजीहून भित्रा होता.

मास्तर हसले. "मी घाबरत नाही. पण यसू, कौल काही तू म्हणशील तसा होत नाही."

तो होईल की नाही, हे मला माझं मी पाहायचं होतं.

बाळगोचा आजा गावचा मोठा मानकरी. बाळगोने त्याला घोळात घेतलं: पलटण येते आहे, देवाला विचारा तरी. म्हाताऱ्याला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रवळनाथाच्या देवळात बारा मानकरी जमले. त्याआधी गाभारा झाडायला गेले ती मी. आई नव्हती, त्यामुळे ते काम माझ्याकडेच होतं.

आमच्याकडे कौल लावतात तो तांदळाचा. पाषाणाच्या छातीवर उजवीकडे एक, डावीकडे एक, असे पाण्यात भिजवलेले दाणे चिकटवायचे. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. मी समईतल्या खोबरेलात करंगळी बुडवली आणि उजवीकडे जिथे बाबा दाणा लावत तिथे फिरवली. मला वाटलं होतं काहीतरी होईल. बोट जळेल, निदान पाल तरी चुकचुकेल. काहीच झालं नाही. दगड थंड होता आणि मी बाहेर येऊन तांब्या घासायला बसले.

बाबांनी गाऱ्हाणं घातलं, दाणे लावले आणि हात मागे घेतला. तो पुरता मागे यायच्या आत उजवा दाणा सुटला. एरवी कौलाला घटका घटका बसायला लागायचं. म्हातारे मानकरी आ वासून बघत राहिले, मग बाळगोच्या आजाने जमिनीला डोकं टेकलं. "देवाक घाई आसा," तो म्हणाला.

सगळे गेल्यावर बाबांनी ऊन पाणी मागितलं आणि देवाला घासून आंघोळ घातली. गावपळणीआधी घालतातच. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते ठीकच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाव रिकामं झालं. खाडीच्या अलीकडच्या माळावर खोप्यांची रांग उभी राहिली, चुली पेटल्या. बायका फुगड्या घालत होत्या. मला हसू येत होतं, कारण हे सगळं एका करंगळीवर झालं होतं.

तिसऱ्या प्रहरी पलटण आली. आम्ही तिघं काजूच्या जाळीत पालथे पडून बघत होतो. चाळीसेक शिपाई, पुढे एक गोरा कप्तान, वयाने आमच्या बाळगोहून फार मोठा नसावा. शिपाई रांगेत वेशीपर्यंत आले. वेशीवर आंब्याची डहाळी आडवी बांधली होती आणि खाली नारळ ठेवला होता. पहिला शिपाई तिथे थांबला. मागचे त्याच्यावर आदळले आणि तेही थांबले.

"काय झाला?" बाळगो कुजबुजला.

"आपलेच असतले," इनास म्हणाला. "रत्नागिरीकडचे. बघ, तो मागचो पायतले बूट काढूक लागलो."

खरंच एकजण बूट काढत होता. कप्तान ओरडला, काठी आपटली, पिस्तुलाच्या म्यानावर हात ठेवला. कोणी वेस ओलांडेना. शेवटी तो एकटाच तणतणत आत गेला. पण रिकाम्या गावात एकट्याने फिरणं वाटतं तितकं सोपं नसतं. तो लगेचच परत आला, आणि येताना तो जातानापेक्षा भरभर चालत होता. इनासने तोंडात मूठ कोंबून हसू दाबलं.

पलटणीने वेशीबाहेरच तंबू ठोकले. आम्ही खोप्यांकडे परतलो, मागोमाग कप्तान आला आणि त्याने गुरव कोण ते विचारलं. त्याचं इंग्रजी एक हवालदार उलगडून सांगत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, कानांवर केस पांढरे झालेले. बाबा हात जोडून उभे राहिले.

"गाव कित्याक सोडलात?"

"देवान सांगल्यान."

"परत केदवा जातलात?"

"देव सांगात तेदवा."

कप्तान लाल झाला आणि बरंच काही बोलला. हवालदाराने ते शांतपणे ऐकलं आणि बाबांना म्हणाला, "सायब विचारता, पेज जेवलास काय."

बाळगोला इंग्रजी येत होतं. तो माझ्या कानाशी आला तेव्हा मला वाटलं हसतोय. तो हसत नव्हता. "सायब काय बोललो म्हायती आसा? तो म्हणता, अख्खो गाव भायर आसा. मगे जो आत गावात तोच चोर. उद्या घर न् घर बघतलो."

हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गाव भरलेलं असतं तर मास्तर चारशे माणसांतले एक होते.

"आपण तांदूळ सगळो उसपून काढलो," बाळगो म्हणाला, "आणि खडो तेवढो थाळयेत ठेवलो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिपायांनी सगळ्या तरण्या मुलांना एका जागी बसवलं आणि त्यांच्यावर पहारा ठेवला. बाळगो आणि इनास त्यात अडकले. पास्कूलाही बोलावून तंबूचे खुंट तासायला लावलं. मुलींकडे कोणी पाहत नव्हतं. मास्तरांनी काल दुपारपासून खाल्लं नव्हतं. मी पेजेची लोटी पदराखाली घेतली, शेण गोळा करायच्या मिषाने पाणंदीत शिरले आणि मागच्या बाजूने वेस ओलांडली. माझा बेत एवढाच होता की मास्तरांना पेज द्यायची, शिडी वर ओढून घ्यायला लावायची आणि माळ्याच्या तोंडावर फळ्या रचायच्या.

ज्याचं कुतूहल जन्मभर होतं ते गाव मी त्या सकाळी पाहिलं. काही नव्हतं. उन्हं होती, अंगणं होती, कोणाच्या तरी वळणीवर विसरलेलं लुगडं होतं. आवाज मात्र नव्हता, कोंबडीचासुद्धा नाही, आणि माझ्याच पावलांचा मला राग येत होता. भुतं दिसली असती तर मी इतकी भ्यायले नसते.

पास्कूच्या खळ्यात शिरले आणि जागीच थांबले. ओट्यावर हवालदार बसला होता. बंदूक भिंतीला टेकवलेली, बूट काढून बाजूला ठेवलेले.

"कोणाचा गो तू?" त्याने विचारलं.

"गुरवाचा."

"लोटयेत काय?"

"पेज."

"कोणाक?"

मला भराभर खोटं बोलता येतं अशी माझी ख्याती होती. त्या वेळी मी नुसती लोटी पदराखाली ढकलली.

"माझे पलटणीतले पोरगे वेस ओलांडूक तयार नाय," तो म्हणाला. "सायब म्हणालो, राऊळ, तू जा. माझा नाव गुणाजी राऊळ, आंबेखोलचो. आमच्याकडेय गावपळण आसा. पण वीस वर्षां सरकाराची भाकरी खाल्लंय, म्हणान इलंय. तेरा घरां बघलंय. ह्या चौदावा." त्याने वर माळ्याकडे पाहिलं. "हयसर माळ्यार कोणतरी कण्हता."

लोटीतली पेज माझ्या पायांवर सांडली. गरम नव्हती, तरी मी रडायला लागले.

"रडा नको. माका सांग, गावपळणीत गावात माणूस असता?"

"नाय."

"मगे जो कण्हता तो माणूस न्हय. सायबाक मी सांगतलंय, गावात माणूस नाय. ह्यात खोटा काय आसा?" तो बूट हातात घेऊन उठला. "पण माझा एक काम कर. माका देवळात ने."

देवळाच्या वाटेवर तो मागून अनवाणी चालत होता. बोलला फार थोडं. चार दिवसांनी बोट, कुठल्या देशात नेणार ते सांगत नाहीत. घरी बायको आणि दोन मुलगे. रजा मागितली होती, मिळाली नाही, म्हणून स्वतःच्या गावच्या देवाला विचारायचं राहिलं. "हो देवय रवळनाथच, आमच्या गावचो तसोच," तो म्हणाला. "माका कौल लावन दी. मी परत येतलंय काय, इतक्याच विचार."

"मी लावूक नाय कधी. बाबा लावतत."

"गुरवाचा चेडू मां तू?"

मी गाभाऱ्यात गेले. समईत तेल होतं, करंगळी होती, आणि तो उंबऱ्याबाहेर हात जोडून, टोपी काखेत धरून उभा होता. त्याने आमच्यासाठी एवढं केलं होतं, आणि मला तेल लावायला कितीसा वेळ लागणार होता. मी लावलं नाही. का, ते आता सांगते, आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला बघायचं होतं. बाबांनी ऊन पाण्याने धुतलेल्या त्या स्वच्छ दगडावर, कोणी लबाडी केली नाही तर देव काय करतो, हे मला एकदा बघायचं होतं. त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न होता आणि मी तो माझ्या चौकशीसाठी वापरला.

दाणे भिजवले, लावले. बाबांचं गाऱ्हाणं पाठ होतं, ते म्हटलं. राऊळने डोळे मिटले. मी बसून राहिले. बराच वेळ गेला, दाणे वाळून पांढरे पडले. मला वाटलं दोन्ही तसेच राहतील आणि सुटेन.

डावा पडला. पाषाणाच्या पायाशी बारीक टक् असा आवाज झाला.

"काय झाला?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

"उजवो," मी म्हटलं.

डावा दाणा उचलून मी त्याच्या तळहातावर ठेवला. तसा ठेवायचाच असतो. त्याने तो कपाळाला लावला आणि खिशातल्या पासबुकाच्या पानांत जपून ठेवला. त्या दाण्याकडे बघून त्याचा चेहरा असा काही मोकळा झाला की मला गाभाऱ्याच्या भिंतीत शिरावंसं वाटलं. जाताना तो म्हणाला, "तुझ्या माळ्यावरच्याक उरलेली पेज घाल. आणि कण्हा नको म्हणान सांग."

कप्तानाला त्याने काय सांगितलं ते आम्हाला दिसलं, ऐकू आलं नाही. कप्तान खूप वेळ गावाकडे बघत राहिला, मग त्याने तंबू काढायचा हुकूम दिला. तारेच्या खांबांवर दोन माणसं ठेवून पलटण बंदराकडे निघून गेली. कोणालाही मारलं नाही. चौथ्या दिवशी गावात परतायचा कौल बाबांनी लावला. त्या सकाळी गाभारा त्यांनी स्वतः झाडला, मला देवळाच्या पायरीवर बसवून ठेवलं, आणि दाणा पडायला दीड घटका लागली.

पास्कूने मास्तरांना लाकडांच्या पडावातून खाडीपार केलं. स्वातंत्र्य आल्यावर ते गावात परतले आणि हेडमास्तर झाले. सत्काराच्या सभेत त्यांनी आमच्या तिघांची नावं घेतली. गावाची पुण्याई म्हणून देवाने वेळेवर कौल दिला, असं बाळगोचा आजा तिथे बोलला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेलाचं मला कधी वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. एका आईच्या तोंडून मुलाचं नाव काढणाऱ्यांना आम्ही पोरांनी वेशीबाहेर ठेवलं होतं.

एक्कावन्न साली माझं लग्न झालं. सासर घाटाच्या पायथ्याशी. पहिल्यांदा सासरी निघालो तेव्हा यष्टी वाटेत एका तिठ्यावर थांबली आणि कंडक्टर म्हणाला, "आंबेखोल. दहा मिन्टां."

सगळे उतरले. खिडकीतून चहाचं दुकान दिसत होतं. बाकावर चार-पाच माणसं बसली होती, त्यांत पिकल्या केसांची दोन होती. राऊळ हवालदार लढाईवरून परत आला का, ते दुकानदाराला एक वाक्य विचारलं असतं तर कळलं असतं. दोन मुलगे होते, ते आता मोठे झाले असतील. घर दाखवायलाही कोणी नाही म्हटलं नसतं.

"उतरणंस नाय?" नवऱ्याने खालून विचारलं. "चाय घेतंस?"

"नको," मी म्हटलं.

मी पदर डोक्यावर ओढला, उठले आणि पलीकडच्या बाजूच्या बाकावर, जिकडून नुसता डोंगर दिसत होता तिकडे, गाडी सुटेपर्यंत बसून राहिले.